गावाचं नाव काय?

पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक पडलं, की पूर्वी अर्धं गाव तिथे अडकून पडायचं. सायकली, रिक्षा, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली, शाळेची पोरं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया. मालगाडी आली तर विचारूच नका. पोरं डबे मोजायची आणि मोठी माणसं एकमेकांना बातम्या सांगायची. कापसाला काय भाव फुटला, अमक्याच्या मुलीचं कुठे जमलं, गिरणेला पाणी सुटणार की नाही. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ऑफिसात पोचायच्या आत दोन-तीन बातम्या या फाटकावरच माझ्या पदरात पडत. सगळ्या खऱ्या निघायच्या असं नाही. पण सांगणाऱ्याचा चेहरा समोर असायचा, त्याच्या बापाचं नाव ठाऊक असायचं आणि तो वाढवून सांगणारा आहे की मोजकं बोलणारा, हेही माहीत असायचं. त्या मानानं आपण बातमीतलं पाणी काढून टाकायचो.

हे फाटक आठवायचं कारण म्हणजे मी म्हातारपणी मास्तर झालो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा फोन आला. ‘डिजिटल संवाद व मल्टिमीडिया लेखन’ असा नवा विषय आला आहे, शिकवायला येता का? मी म्हटलं, साहेब, मला यातलं एकच काम येतं, लेखन. ते म्हणाले, तेवढंच शिकवा, मल्टिमीडियाचं पोरं बघून घेतील. प्राचार्य किती शहाणे होते ते मला पहिल्या आठवड्यात कळलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासाची मांडणी बदलली. मुख्य विषयाच्या जोडीला कौशल्याचे दोन-दोन क्रेडिटचे छोटे विषय आले. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास, दोन म्हणजे साठ. साठ तासांत पोरांना फोनवर, पडद्यावर, आवाजात, चित्रात लिहायला शिकवायचं. त्यातले चार-पाच तास सणावारात जातात, दोन तास वीज खाते आणि संध्याकाळच्या तासाला एस.टी.ची वेळ झाली की निम्मा वर्ग दप्तर आवरायला लागतो. माझ्या वर्गात धरणगाव, एरंडोल, पारोळा, यावल, रावेर अशा सगळ्या बाजूंची मुलं आहेत. साक्रीकडचा एक मुलगा इथे मामाकडे राहून शिकतो. बहुतेकांच्या हातात फोन आहे. निम्म्यांच्या फोनची काच तडकलेली आहे. आणि सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी मोठ्या हौसेनं १९९६ साली लिहिलेला एक लेख पेन ड्राइव्हवर नेला होता. पडद्यावर उघडला तर सगळी गिचमीड. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, मधेच एखादं उद्गारचिन्ह. पोरं हसली. मग मला त्यांना आमच्या पिढीची कहाणी सांगावी लागली. तेव्हा संगणकाला मराठी येत नव्हतं. तो आपला इंग्रजी अक्षरांचाच क्रमांक साठवायचा आणि आपण त्याच्या अंगावर मराठी चित्राचं सोंग चढवायचो. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं सोंग वेगळं. श्रीलिपीत टाइप केलेलं आकृतीत उघडलं की सोंग गळून पडायचं. बातमी धुळ्याहून यायची आणि जळगावात कोणाला वाचता यायची नाही. मग फोन लावून, ‘मजकुराचा फॉन्ट कोणता?’ अशी विचारणा. निधनवार्ता असली म्हणजे फारच अवघड.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी एकच प्रमाण सांकेतिक पद्धत त्याच सुमारास तयार झाली आणि तिच्या आधारानं १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. एकशे अठ्ठावीस घरांची चाळ म्हणा हवं तर. त्यात ‘क’चं घर २३२५ क्रमांकाचं. जगात कुठल्याही यंत्रावर तो क्रमांक गेला, की ‘क’च दिसायचा. हे ऐकून यावलची एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे आधी आपली अक्षरं भाड्याच्या घरात होती.’ मी तीस वर्षं हेडिंगं दिली, पण इतकं नेमकं मला सुचलं नसतं. युनिकोड आपल्या हातात पोचायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. माझे नव्वद सालानंतरचे कितीतरी लेख आजही त्या सोंगातच अडकून पडले आहेत. कात्रणं जपली म्हणून वाचले.

अभ्यासक्रमाच्या कागदावर पहिलाच शब्द होता ‘संज्ञापन’. हा शब्द मी आयुष्यात कधी फाटकावर ऐकला नाही. तो बाजूला ठेवला आणि पोरांना विचारलं, खान्देशात हा धंदा आधी कोणी केला? कोणी बोलेना. मग मीच सांगितलं. अमळनेरला प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ साली शिक्षक म्हणून आले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. छापखाना नाही, वर्गणी नाही. स्वतःच्या हातानं लिहायचं आणि मुलांनी वाचायचं, एवढाच कारभार. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक आणि १९४८ मध्ये ‘साधना’. पण मला त्या हस्तलिखित दैनिकाचं कौतुक जास्त वाटतं. वाचक किती, तर एका वसतिगृहातली मुलं. प्रत्येकाचा चेहरा लिहिणाऱ्याला ठाऊक. आज माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या चॅनलला साडेतीन हजार माणसं जोडलेली आहेत आणि त्यातल्या तीस जणांनाही तो ओळखत नाही.

दुसरं नाव पोरांनीच घेतलं, कारण ते त्यांच्या गुणपत्रिकेवरच छापलेलं असतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती गात गेली. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पीतांबर चौधरी यांनी त्यातलं काही उतरवून घेतलं म्हणून उरलं. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. मी वर्गाला एवढंच म्हटलं, की तिच्या तोंडून निघालेलं आणि कागदावर उतरलेलं, या दोन्हींच्या मधे जे काही होतं तोच आपला विषय. किती ओळी जात्याच्या घरघरीत विरून गेल्या असतील याचा हिशेब कोणाकडे नाही.

यातून एक प्रकल्प निघाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात, रोटांचा गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येवर मोजून दळतात आणि रात्रभर गाणी होतात. पारोळ्याच्या एका मुलानं आजीची गाणी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणली. आवाज सुंदर, मागे भांड्यांचा खणखणाट, मधेच आजी कोणाला तरी ‘दिवाकडे ध्यान ठेव’ म्हणून ओरडते. मी म्हटलं, हे ओरडणं कापू नकोस. आता खाली शब्द दे. तिथे गाडी अडली. फोनला बोलून टाइप करायला लावलं, तर अहिराणी ऐकून त्यानं जे काही लिहिलं ते वाचून वर्गात हशा पिकला. ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ त्याला झेपेना. त्यानं आजीला थेट पुण्याच्या पेठेत नेऊन बसवलं. शेवटी त्या मुलानं दोन रात्री बसून हातानं उतरवलं आणि दर ओळीला आजीला विचारलं. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘सर, आजी म्हणते, तुमच्या सरांना एवढी हौस असेल तर त्यांनी घरी यावं, मी पुन्हा गाते.’ मी गेलो. रोट, पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी खाऊन आलो. त्या दिवशीचं एकही मुद्रण माझ्याकडे नाही, जेवताना फोन काढायचं लक्षातच राहिलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. आढेवेढे फार झाले.

२०१८ च्या जून महिन्यात माझ्या फोनवर एक मजकूर आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, भिकाऱ्याच्या, साधूच्या वेशात फिरते आहे, सावध राहा, पुढे पाठवा. खाली एक चित्रफीत. रस्त्यावर मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. मी तो मजकूर आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकला आणि सोसायटीच्या गटावरही. तीस वर्षं ज्या माणसानं ‘सूत्रांनुसार’ हा शब्द दिसला की वार्ताहराला बोलावून घेतलं, ज्यानं गावाचं नाव नाही म्हणून अपघाताच्या बातम्या परत पाठवल्या, त्या माणसानं. बोट दाबायला किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत काम झालं.

१ जुलै २०१८. रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. सोलापूरकडची माणसं, पिंपळनेरला मुक्कामाला होती. मुलं पळवणारे ते हेच, असा कोणीतरी संशय घेतला. जमावानं त्यांना मारत नेलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण गेले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्यांच्या येण्याला आपल्या आज्या-पणज्या कधी घाबरल्या नव्हत्या, सुपात धान्य घेऊन दाराशी जात होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि माझा हात थरथरला. मी पाठवलेलं राईनपाड्याला पोचलं होतं का? नसावं. माझ्या गटातलं कोणी साक्रीत राहत नाही. पण माझ्या गटातल्या चाळीस माणसांचे प्रत्येकी किती गट, त्यातल्यांचे किती, हे कोण सांगणार? हा हिशेब मी अनेक रात्री मांडला आहे. तो सुटत नाही.

त्या चित्रफितीचं मूळ मला नंतर कळलं. त्या दोन वर्षांत देशभर फिरत असलेली ती फीत मुळात पाकिस्तानातल्या कराचीची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ती जनजागृतीसाठी बनवली होती. मूळ फितीत ते मोटरसायकलवाले वळून परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि हातातला फलक दाखवतात, की इथे मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कोणीतरी हा शेवट कापला. बाकी काही केलं नाही. ना रंग बदलला, ना आवाज घातला. फक्त शेवट कापला.

आमच्या वर्गाचा सगळ्यांत महत्त्वाचा तास मी याच्यावर घेतो. आधी कापलेली फीत दाखवतो आणि मुलांना खाली दोन ओळी लिहायला सांगतो. मग पूर्ण दाखवतो. पहिल्या वर्षी तो तास झाल्यावर मी माझी गोष्ट सांगितली. ती सांगायची हे आधी ठरवलं नव्हतं. साक्रीकडचा मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तास संपला, सगळे गेले, तो थांबला. म्हणाला, ‘सर, मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या गावात महिनाभर कोणी परका आला की दारं लागायची. भांडीवालासुद्धा यायचा बंद झाला.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आमच्या घरीपण तो मेसेज होता. बाबांनी नंतर डिलीट केला.’ आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसून राहिलो. एवढ्यात शिपाई कुलूप लावायला आला.

त्या घटनेनंतर बरंच काही हललं. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळींसंबंधी राज्यांना निर्देश दिले, जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी पोलिस अधिकारी नेमायला सांगितलं. व्हॉट्सअॅपनं त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलपासून खूपदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयानं २०२४ साली सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे पाच घरं उद्‌ध्वस्त झाली ती वेगळीच आणि ही सात घरं वेगळी. मजकूर लिहिणारा, शेवट कापणारा मात्र कुठल्याच कागदावर नाही.

पोरं हुशार आहेत, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. गेल्या पावसाळ्यात सकाळी सकाळी सगळ्यांच्या फोनवर गिरणेच्या पुराची फीत आली. पुलावरून पाणी, वाहून जाणारी मोटार, किंकाळ्या. बांभोरीच्या पुलावरून येणाऱ्या मुलांच्या घरून फोन सुरू झाले. एरंडोलची एक मुलगी, एरवी वर्गात फारशी न बोलणारी, तिनं ती फीत थांबवून थांबवून पाहिली आणि एका दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं. अक्षरं तेलुगू होती. पाच मिनिटांत तिनं आपल्या सगळ्या गटांवर लिहिलं, की हा पूर आपला नाही, पाटी बघा, मी आत्ताच पूल ओलांडून आले, पाणी खाली आहे. चार छोटी वाक्यं. मी तिला पूर्ण गुण दिले. ती म्हणाली, ‘सर, हे तर प्रकल्पात नव्हतं.’

आणखी एक वाद आमच्याकडे अधूनमधून रंगतो. चाळीसगावचे केकी मूस १९८९ साली गेले. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं ते स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांचा असा काही फोटो काढत, की बघणाऱ्याला खरंच एखादं दूरचं दृश्य बघतोय असं वाटावं. हे फोटो मी दाखवले तेव्हा एका मुलानं विचारलं, ‘मग सर, मूस साहेबांनी केलं ते खोटं नाही का? आम्ही एआयला सांगून रथाचा फोटो काढला तर तुम्ही ओरडता.’ प्रश्न खोचक होता. झालं असं होतं, की पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीच्या रथोत्सवावर लिहा म्हटल्यावर दोघांनी यंत्राकडून रथाचं चित्र करून आणलं होतं. चित्र झकास. पण रथाला घोडे जोडलेले! आमचा विठ्ठलाचा रथ माणसं ओढतात आणि चाकाखाली मोगरी लावून तो आवरणाऱ्यांचं कसब बघायला लोक गच्च्यांवर जमतात. मोगरी लावणाऱ्याचा हात चुकला तर काय होईल, या धास्तीतच त्या रथाची सगळी रंगत आहे. यंत्राला मोगरी ठाऊक नव्हती. मी त्या मुलाला म्हटलं, मूस साहेब स्वतःच सांगत की हे टेबल टॉप आहे. तुम्ही खाली लिहिलंत ‘पिंप्राळ्याचा रथ’. फरक त्या ओळीत आहे. त्याचं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही.

रावेरकडच्या एका मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. घरात एक आहे, तो वडिलांबरोबर केळीच्या बागेत जातो. कापणी, गाडी, भाव, सगळं त्यावर. नवती काय भावानं गेली, पीलबाग काय, बऱ्हाणपूरला काय निघाला, हे मजकूर तिथे पहाटेपासून फिरतात. एकदा कोणीतरी आदल्या आठवड्याचा भाव आजचा म्हणून पाठवला. तिच्या वडिलांनी त्यावर भरोसा ठेवून माल उद्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी पडेल भावात कापला. घड झाडावर थांबत नाहीत. किती नुकसान झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मल्टिमीडियाच्या वर्गात फोन नसलेली मुलगी. सहकारी म्हणाले, तिला दुसरा विषय घ्यायला सांगा. ती मात्र वहीत लिहून आणायची. पान मधोमध दुमडून दोन रकाने केलेले. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘ऐकू येतं’. डावीकडे: पहाट, बाप विळ्याची धार बोटानं बघतो. उजवीकडे: कोंबडा, लांबून ट्रॅक्टर. डावीकडे: घड खांद्यावर, खाली चिंधीची चुंबळ, चीक सदऱ्यावर. उजवीकडे: कोणी बोलत नाही. डावीकडे: फोनच्या पडद्यावर आकडा. उजवीकडे: अजूनही कोणी बोलत नाही. मी चित्रपटवाल्यांच्या पटकथा पाहिल्या आहेत. त्याही अशाच दोन रकान्यांत लिहितात म्हणे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या तिघांनी तिची वही घेऊन रविवारी रावेर गाठलं आणि तिच्या वडिलांच्या बागेत साडेचार मिनिटांची फीत केली. वडील आधी तयार नव्हते. मग म्हणाले, सदरा बदलू का? मुलीनं सांगितलं, नाही आबा, चिकाचाच राहू द्या.

ती फीत आम्ही वर्षाअखेरीला सभागृहात दाखवली. प्रोजेक्टर मधेच दोनदा बंद पडला. तिचे वडील पहिल्या रांगेत मुलीशेजारी बसले होते, टोपी मांडीवर. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग मागे वळून, एवढी माणसं कशाला टाळ्या वाजवताहेत ते पाहिलं. नंतर बाहेर चहा पिताना मला म्हणाले, ‘सर, ते भावाचे मेसेज येतात त्याचं काही शिकवता का?’ म्हटलं, काय शिकवू? ‘खाली तारीख टाकत जा म्हणावं.’ पुढच्या सत्रात मी तो एक तासच केला. विषय: खाली तारीख टाकणे.

विषयाचं दुसरं वर्ष आता चालू आहे. सहकाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं, की असले विषय म्हणजे पोरांना गुण देण्याची सोय. काही अंशी ते खरंही आहे. साठ तासांत कोणी लेखक होत नाही, आणि निम्मी मुलं गुणांसाठीच येतात. त्यांना नोकऱ्या कुठे मिळणार, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा माझ्याकडे छातीठोक उत्तर नसतं. लग्नाच्या फिती, दुकानांच्या जाहिराती, एखाद्या चॅनलवर तुटपुंज्या मानधनावर बातम्या, असं काहीबाही मिळतं. अहिराणी गाण्यांच्या फितींना मोठा प्रेक्षक आहे. तिकडे दोघं गेले. एक मुलगी बँकेच्या परीक्षेला बसली आहे आणि तिथे निबंध चांगला लिहिते म्हणाली.

परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी घाईघाईनं आल्या. धुळ्याहून त्यांच्या भावाचा फोन चालू होता, तो त्यांनी माझ्या कानालाच लावला. पलीकडून आवाज आला, ‘सर, एक मेसेज उना शे. पोरं धरनारी गाडी फिरी ऱ्हायनी म्हने. हाई खरं शे का?’ म्हटलं, आधी मला वाचून दाखवा. त्यांनी अडखळत सगळा वाचला. पांढरी गाडी, तोंड बांधलेल्या बाया, सावध राहा, पुढे पाठवा.

‘गावाचं नाव काय लिहिलंय?’ मी विचारलं.

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. ते पुन्हा पहिल्यापासून वाचत असावेत.

‘गावनं नाव नही शे, सर.’

‘तारीख?’

‘तीबी नही.’

‘कोणी पाठवला?’

‘आमना सालानी. त्याले कोनी धाडा, ते त्याले इचारनं पडी.’

‘विचारा मग,’ मी म्हटलं, ‘मी फोनजवळच आहे.’